जपानी मालिका पाहून जपानी माणूस कळतो का?

फुटबॉलचा विश्वचषक आला की जपानी प्रेक्षकांचे व्हिडिओ फिरू लागतात. सामना संपलेला, बाकीचं स्टेडियम रिकामं होत चाललेलं आणि ही मंडळी निळ्या पिशव्या घेऊन खुर्च्यांखालचा कचरा गोळा करताहेत. २०२२ मध्ये कतारहून आलेला असा व्हिडिओ आपल्याकडच्या कितीतरी कौटुंबिक ग्रुपांवर फिरला. दुसरीकडे घरातली मुलं डोरेमॉन आणि शिनचॅन ही जपानी कार्टूनं पाहत मोठी झाली. त्यांतलीच काही सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर' या जपानी कार्टून मालिकेचा नवा चित्रपट पाहायला पहाटेच्या खेळांना गेली. मग आईवडिलांना प्रश्न पडतो : जपानी माणसं खरंच अशी असतात का? इतकी शिस्तीची माणसं पडद्यावर एवढा रक्तपात आणि एवढा वात्रटपणा का रंगवतात?

लग्नाचा अल्बम डोळ्यांसमोर आणा. तो पाहून कोणी असं समजत नाही, की हे लोक रोज पैठणी नेसून जेवायला बसतात. तरीही अल्बम बरंच सांगतो. मध्यभागी कोणाला बसवलंय, कडेला कोण उभं आहे, कोणता काका एकाही फोटोत नाही, यावरून त्या घराला स्वतःला कसं दाखवायचंय ते कळतं. देशाचे लोकप्रिय चित्रपट, मालिका, कॉमिक्स आणि गाणी यांचंही तसंच असतं. जपानच्या अल्बममध्ये तर चार पिढ्यांची चित्रं आहेत आणि प्रत्येक पिढीने आधीची चित्रं थोडी बदलली आहेत.

स्वभाव वेगळा, स्वप्रतिमा वेगळी

समाजातली बहुतेक माणसं प्रत्यक्षात कशी वागतात, तो झाला स्वभाव. 'आपण असे आहोत' असं तो समाज स्वतःला जे सांगत राहतो, ती स्वप्रतिमा. स्वभाव मोजायला जनगणना आणि पाहण्या लागतात. स्वप्रतिमा सापडते ती लोक आवडीने पुन्हापुन्हा पाहतात त्या गोष्टींत.

'आम्ही जपानी इतरांहून वेगळे कसे' एवढ्याच विषयावर जपानमध्ये ढिगाने पुस्तकं निघतात. त्या लेखनप्रकाराला निहोन्जिनरोन म्हणतात, म्हणजे जपानी माणसाविषयीची चर्चा. महायुद्धानंतरच्या तीन दशकांत अशी सुमारे ७०० पुस्तकं आली. कोणी सगळं भातशेतीवरून समजावतं, कोणी भाषेवरून, कोणी बेटावर राहण्यावरून. या चर्चेची पाळंमुळं मात्र परदेशात पोचतात. सामुराईंची नीती हा जपानचा आत्मा, ही कल्पना जगभर नेणारं इनाझो नितोबे यांचं पुस्तक १९०० च्या सुमाराचं, अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिलेलं. सामुराई वर्ग एकूण लोकसंख्येच्या दहा टक्केही नव्हता. बहुसंख्य जपानी शेतकऱ्यांची मुलं होती. दुसरं गाजलेलं पुस्तक रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन बाईंचं, १९४६ चं. त्यांनी जपानमध्ये पाऊलही ठेवलं नव्हतं. त्याचं जपानी भाषांतर १९४८ मध्ये आलं आणि जपान्यांनीच ते आवडीने वाचलं. बाहेरचे लोक आपल्याला कसे पाहतात याकडे इतकं लक्ष देणारा दुसरा मोठा देश शोधून सापडणं अवघड आहे. पुढची सगळी उदाहरणं वाचताना एवढी गोष्ट ध्यानात असू द्या.

१९५४ : गोऱ्यांना लोळवणारा पैलवान

१९ फेब्रुवारी १९५४, टोकियो. व्यावसायिक कुस्तीचा जोडी-सामना. एका बाजूला रिकिदोझान आणि ज्युडोपटू मासाहिको किमुरा, दुसऱ्या बाजूला धिप्पाड शार्प बंधू. जपानमध्ये टीव्ही सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि संच सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होता. म्हणून चौकाचौकांत सार्वजनिक संच बसवले होते. शिंबाशी स्टेशनाबाहेर हजारो माणसं माना उंचावून उभी राहिली. महायुद्धातल्या पराभवानंतर जपानवर आलेली अमेरिकन लष्कराची सत्ता एप्रिल १९५२ मध्ये संपली होती. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

या प्रकारच्या कुस्तीत कथा आधी रचलेली असते आणि ही कथा साधी होती. गोरे पैलवान नियम मोडून मारणार. रिकिदोझान सोसणार, आणखी सोसणार. मग तळहाताच्या कडेचा सपकन फटका, आणि समोरचा आडवा. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला यात काय दिसत असेल, ते वेगळं सांगायला नको. हरलेल्या देशाला एक अशी लढाई मिळाली होती, जी पुन्हापुन्हा जिंकता येत होती.

आता या फोटोची मागची बाजू पाहू. रिकिदोझान हा मूळचा कोरियन. आज जो भाग उत्तर कोरियात आहे तिथला, जन्मनाव किम सिन-राक. सुमोसाठी तो जपानला आला, १९५० मध्ये सुमो सोडली आणि कुस्तीत उतरला. त्याच्या अधिकृत चरित्रात जन्मगाव नागासाकी प्रांतातलं ओमुरा असं सांगितलं जाई. तो १९६३ मध्ये वारला, तोवर सामान्य चाहत्याला त्याचं मूळ ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना लोक अमेरिकन समजून चेव येऊन पाहत होते ते शार्प बंधू होते कॅनडाचे.

म्हणजे 'जपान्याने अमेरिकनांना लोळवलं' या कथेचा नायक जन्माने जपानी नव्हता आणि समोरचे अमेरिकनही नव्हते. तरी त्या रात्री माणसांना जे वाटलं ते खरंच वाटलं होतं. स्वप्रतिमेचं काम असंच चालतं : तिला लागणाऱ्या भावना खऱ्या असतात आणि त्यांच्याशी न जुळणारी माहिती चौकटीबाहेर ठेवली जाते. 'आम्ही सगळे एकाच रक्ताचे' असं सांगणाऱ्या जपानने कोरियन वंशाच्या लोकांना, होक्काइदोच्या आयनू आदिवासींना आणि ओकिनावाच्या लोकांना बराच काळ असं चौकटीबाहेर ठेवलं.

त्याच वर्षीचा राक्षस

रिकिदोझानच्या त्या लढतीनंतर दहा दिवसांनी, १ मार्च १९५४ रोजी, अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर १५ मेगाटनचा हायड्रोजन बॉम्ब फोडून पाहिला. राखेचा वर्षाव ट्यूना पकडायला गेलेल्या एका जपानी बोटीवर झाला. बोटीवर २३ खलाशी होते; त्यांतला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये दगावला. जपानभर ट्यूनाची धास्ती पसरली. आणि ३ नोव्हेंबरला चित्रपटगृहांत 'गोजिरा' आला, ज्याला आपण गॉडझिला म्हणतो.

आज गॉडझिला म्हटलं की इमारती पाडणारं रबरी सोंग आठवतं. मूळ चित्रपट विलक्षण उदास आहे. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रतळाचा प्राणी जागा होतो, सरळ टोकियोत शिरतो आणि मागे उरतात जळलेली वस्ती आणि किरणोत्सर्गाने आजारी पडलेली पोरं. आगगाडीतल्या एका प्रसंगात एक तरुणी म्हणते, की नागासाकीतून आत्ता कुठे जीव वाचवून आले, आणि आता हे. अमेरिकन सत्तेच्या काळात अणुबॉम्बविषयीच्या लेखनावर आणि चित्रणावर सेन्सॉरचा कडक पहारा होता. नऊ वर्षं घशात अडकलेलं दुःख त्या राक्षसाच्या पाठीवरून बाहेर आलं. त्याची डरकाळीसुद्धा संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी मोठ्या डबल-बासच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून तयार केली. ऐकताना ती रडण्यासारखीही वाटते. सुमारे ९६ लाख तिकिटं खपली. अमेरिकेत मात्र १९५६ मध्ये चित्रपट कापून, मध्ये एक अमेरिकन वार्ताहर घुसवून आणि बॉम्बचे बरेचसे संदर्भ गाळून दाखवला गेला. परदेशातला गॉडझिला त्यामुळे बराच काळ नुसताच राक्षस राहिला.

पण अल्बममध्ये कोण नाही, हा प्रश्न इथेही विचारायला हवा. जपान या गोष्टीत पूर्णपणे पीडित आहे. त्याच्या सैन्याने चीन, कोरिया, फिलिपिन्स इथे जे केलं, त्याचा मागमूस नाही. युद्धावरच्या अनेक लोकप्रिय जपानी कलाकृतींत हे घडतं. आभाळातून आग पडते, निरागस मुलं मरतात, पण युद्ध सुरू कोणी केलं हा प्रश्न दाराबाहेर थांबतो. जपानी अभ्यासकच याला 'पीडितभाव' म्हणतात आणि त्यावर सडकून टीका करतात.

अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. हिरोशिमाचा बॉम्ब सहाव्या वर्षी अनुभवलेले केइजी नाकाझावा यांनी १९७३ पासून 'अनवाणी गेन' हे कॉमिक रेखाटलं. त्यात बॉम्बची भीषणता आहे, आणि जपानी लष्करशाहीवरचा धगधगीत रागही आहे. २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने ते शाळांच्या उघड्या कपाटांतून काढायला लावलं. आरडाओरड झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये निर्णय मागे घेतला. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शांतता-शिक्षणाच्या पाठांतून ते गेलं. अल्बममधून फोटो काढावा की ठेवावा, यावरून घरात अजून भांडण चालू आहे, असाच याचा अर्थ.

गॉडझिला वयात येत गेला तोही याच भांडणासोबत. २०१६ चा चित्रपट २०११ च्या त्सुनामीनंतरचा आणि फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरचा. त्यात राक्षसापेक्षा बैठका जास्त आहेत. फाइल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, मंत्री नियम विचारतात, तोवर शहर चिरडलं जातं. शेवटी त्याला थंड करायला लांब सोंडेचे काँक्रीट पंप आणतात; फुकुशिमात अणुभट्टीच्या इमारतींवर पाणी सोडायला असेच पंप लावले होते, हे जपानी प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. २०२३ चा चित्रपट पुन्हा युद्धोत्तर काळात जातो. त्याचा नायक आत्मघातकी मोहिमेतून सबब सांगून परत आलेला वैमानिक. सरकार हात वर करतं, सामान्य माणसं एकत्र येतात आणि भर राहतो तो जिवंत परतण्यावर. १९५४ च्या चित्रपटात वैज्ञानिक स्वतःचा बळी देऊन देश वाचवतो. सत्तर वर्षांत बलिदानाची महती उतरून जगण्याची वाढली, एवढा मोठा फरक एकाच राक्षसाच्या दोन कथांत दिसतो.

रविवार, संध्याकाळी साडेसहा

आता अगदी उलट टोकाची गोष्ट. ५ ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी साडेसहाला 'साझाए-सान' नावाची कार्टून मालिका लागते. सर्वाधिक काळ चाललेली अॅनिमेशन मालिका म्हणून तिची गिनीज नोंद आहे. टोकियोच्या उपनगरात सात माणसांचं घर : आईवडील, त्यांची लग्न झालेली मुलगी साझाए, तिचा नवरा, लहानगा मुलगा, आणि साझाएचे शाळकरी भाऊ-बहीण. सगळ्यांची नावं समुद्राशी नातं सांगणारी. कोणाचं वय वाढत नाही. घरात अजून काळा डायलचा फोन आहे. नवरा चक्क घरजावई; सासरच्यांकडे राहणाऱ्या पुरुषाला जपानीत आजही त्याच्या नावाने 'मासुओ-सान' म्हणतात.

२०२० च्या जनगणनेनुसार जपानी घरातली सरासरी माणसं २.२१ आणि ३८ टक्के घरांत एकच माणूस राहतो. सात माणसं एका टेबलाभोवती जेवतात हे चित्र बहुसंख्य प्रेक्षकांच्या वाट्याला आलेलंच नाही. तरी ते पाहिलं जातं, कारण ते 'आपलं घर खरं असं असायला हवं होतं' या भावनेला धरून आहे. एखाद्या फ्लॅटमध्ये तुळशीवृंदावनाचं चित्र टांगलेलं असतं, तसं. या मालिकेचं शेवटचं गाणं वाजलं की उद्याचं ऑफिस आठवून पोटात गोळा येतो, त्यालाही तिचंच नाव आहे : 'साझाए-सान आजार'.

ओसरीवर एक, माजघरात एक

जपानी समाज समजावताना दोन शब्द हमखास येतात. ताते-माए म्हणजे चारचौघांत धरायची रीत. होन्ने म्हणजे मनातलं खरं. जुन्या वाड्याची ओसरी आणि माजघर आठवा. ओसरीवर पाहुण्यांपुढे जे बोलतात आणि माजघरात जे बोलतात, त्यात लबाडी नसते. दोन जागांचे दोन रिवाज असतात. कोणत्याच समाजाला हे नवं नाही. जपानमध्ये ओसरी फार मोठी आहे आणि तिथे फार वेळ बसावं लागतं, एवढंच.

अशा समाजात लोकप्रिय कथा पुष्कळदा माजघराचं काम करतात. शिनचॅन पाहा. पाच वर्षांचा हा मुलगा शेजारणीच्या तोंडावर तिचं वय काढतो, बापाच्या मोज्यांच्या वासाची जाहीर चर्चा करतो. बापाच्या डोक्यावर घराच्या कर्जाची ३२ वर्षं शिल्लक आहेत. जपानच्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहण्यांत 'मुलांना दाखवू नये असा कार्यक्रम' म्हणून ही मालिका वर्षानुवर्षं वरच्या स्थानी राहिली. भारतातही २००८ मध्ये तिचं प्रक्षेपण काही काळ थांबलं होतं. जपानी मुलं अशी बोलत नाहीत. म्हणूनच तो हवाहवासा वाटतो.

मोठ्यांसाठी हेच काम २०१३ मध्ये 'हानझावा नाओकी' या मालिकेने केलं. बँकेतला अधिकारी, वरिष्ठ आपली चूक त्याच्या गळ्यात मारतात आणि तो दुपटीने परतफेड करतो. शेवटचा भाग टोकियो परिसरात ४२.२ टक्के घरांत पाहिला गेला. यावरून जपानी कर्मचारी बंडखोर असतात असा निष्कर्ष काढणं म्हणजे उलटी वाट धरणं. ज्याला सोमवारी साहेबापुढे मान खाली घालायचीय, त्याला रविवारी रात्री हे पाहायला आवडतं. मालिकेचा शेवट तर फारच जपानी आहे. सगळ्यांना नमवून हानझावा जिंकतो, आणि बक्षीस म्हणून त्याची बदली दुसऱ्या कंपनीत होते.

आणि तोरा-सान. १९६९ ते १९९५ या काळात कियोशी आत्सुमी या एकाच नटाने हा फिरता विक्रेता ४८ चित्रपटांत रंगवला. चित्रपट बहुधा वर्षातून दोनदा यायचे, नववर्षाला आणि ओबोनच्या सुट्टीत. ओबोन म्हणजे पितरांच्या स्मरणाचे दिवस, ऑगस्टमधले. तेव्हा शहरातली माणसं गावी जातात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीची कल्पना करा. प्रत्येक चित्रपटात तोच साचा. तोरा-सान टोकियोतल्या शिबामाता या जुन्या वस्तीत काका-काकूंच्या मिठाईच्या दुकानी परततो, भांडतो, निघून जातो, कोणाच्या तरी प्रेमात पडतो आणि एकटाच पुढच्या गावाला लागतो. कंपनीत पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारा देश एका बेशिस्त, बिनपगारी माणसावर सव्वीस वर्षं जीव लावून बसला. मला वाटतं, जपानी माणसाच्या मनाची ओळख करून घ्यायला सामुराईपटांपेक्षा तोरा-सान अधिक उपयोगी आहे.

'पण सोसणं, झटणं हे तर आपल्याकडेही आहे'

ही शंका रास्त आहे. सोसण्याला जपानीत 'गामान' म्हणतात आणि तो राष्ट्रीय गुण असल्याचं सतत सांगितलं जातं. त्याचं सर्वांत मोठं चित्र म्हणजे 'ओशिन'. एप्रिल १९८३ ते मार्च १९८४, रोज सकाळी पंधरा मिनिटं, २९७ भाग, सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक. यामागाता प्रांतातल्या गरीब कुळाची सात वर्षांची मुलगी तांदळाच्या एका पोत्याच्या, म्हणजे सुमारे ६० किलोंच्या बदल्यात वर्षभर राबायला पाठवली जाते. हे पाहत होता १९८३ चा जपान, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक. मालिकेची सुरुवात लोक विसरतात : म्हातारी ओशिन घरच्या सुपरमार्केटचं सतरावं दुकान उघडण्याच्या दिवशी घर सोडून निघून जाते. एवढं मिळवताना काय हरवलं, हा तिचा प्रश्न. म्हणजे सोसण्याचा गौरव तेव्हा झाला, जेव्हा सोसण्याची गरज संपत आली होती. आणि ती मालिका साठाहून अधिक देशांत चालली. सोसणं जर जपान्यांचंच असतं, तर इतक्या देशांतल्या बायकांना ओशिन आपली का वाटली असती?

याची आणखी नेमकी परीक्षा मुंबईत झाली. १९६६ मध्ये सुरू झालेल्या 'क्योजिन नो होशी' या बेसबॉलच्या कॉमिकमध्ये कडक बाप मुलाच्या अंगावर जाड स्प्रिंगांचा साज चढवतो, म्हणजे रोजची हालचालच व्यायाम ठरावी. जपानच्या वेगवान भरभराटीच्या काळातलं हे घोटून घेण्याचं वेड. २०१२ मध्ये त्याचाच भारतीय अवतार 'सूरज : द रायझिंग स्टार' या नावाने हिंदीत आला. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबईची झोपडपट्टी आणि स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब. कथेला फारसा धक्का लागला नाही. गरिबीतून खेळाच्या बळावर वर येणं ही भरभराटीच्या वाटेवरच्या कोणत्याही देशाची कथा असते. जपानने ती १९६० च्या दशकात सांगितली. आपण राष्ट्रीय स्वभाव म्हणतो त्यातला बराच भाग खरं तर काळाचा असतो.

पोलिसांनाही बाहुलं का लागतं?

कावाई म्हणजे गोंडस, जीव लावावासा वाटणारं. टोकियो पोलिसांचं १९८७ पासून पिपो-कुन नावाचं मोठ्या कानांचं बाहुलं आहे. ४७ प्रांतांत, शेकडो शहरांत अशी बाहुली आहेत. सर्वांत गाजलेलं कुमामोन : काळं अस्वल, लाल गाल. २०११ मध्ये दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरची बुलेट ट्रेन पूर्ण सुरू होणार होती. प्रवासी वाटेतल्या कुमामोतो प्रांतात न उतरता पुढे निघून जातील अशी तिथल्या प्रशासनाला काळजी होती. म्हणून २०१० मध्ये हे अस्वल जन्माला घातलं आणि त्याला 'विक्री व्यवस्थापक' असं सरकारी पदही दिलं. शक्कल अशी, की परवानगी घेऊन त्याचं चित्र फुकट वापरता येईल. बिस्किटांपासून पंख्यांपर्यंत सगळीकडे ते पोचलं आणि सोबत प्रांताचं नाव गेलं.

यामागे एक जाणीवपूर्वक निवड आहे. युद्धात ज्या देशाची ओळख तलवार आणि गणवेश होती, त्याने सत्तेला मऊ चेहरा लावला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपात पंतप्रधान शिंझो आबे स्टेडियमच्या मध्यभागी हिरव्या पाइपमधून व्हिडिओ गेममधल्या मारिओच्या वेशात उगवले, आणि त्याआधीच्या चित्रफितीत तो पाइप बसवणारा होता डोरेमॉन. आठ वर्षं आधी परराष्ट्र खात्याने डोरेमॉनला अधिकृत 'अॅनिमे राजदूत', म्हणजे जपानी कार्टूनांचा राजदूत, नेमलंच होतं.

'म्हणजे हा सगळा सरकारी प्रचार?'

नाही, सरकार बरंच उशिरा आलं. १९५५ मध्ये जपानी पालक संघटना कॉमिक्सविरुद्ध मोहिमा काढत होत्या, काही ठिकाणी ती जाळलीही गेली. ज्या कलेला तेव्हा घाण म्हटलं गेलं, ती परदेशात गाजल्यावर घरी मानाची झाली. २००२ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने जपानच्या या नव्या ताकदीवर लेख लिहिला आणि त्यानंतर ही लोकप्रिय कला परदेशात पोचवण्याचं 'कूल जपान' हे धोरण आकाराला आलं. त्यासाठीचा निधी २०१३ मध्ये उभा राहिला आणि पुढे तोट्यात गेला. चांगली कॉमिक्स समितीच्या बैठकीत जन्मत नाहीत, ती साप्ताहिकाच्या मुदतीच्या धाकात जन्मतात.

'मग ती स्टेडियममधली शिस्त दिखाऊ का?'

मुळीच नाही. पण ती रक्तातून येत नाही. जपानी शाळांत मुलं रोज ठरलेल्या वेळी वर्ग, जिने, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहंही स्वतः साफ करतात. जेवण वाढण्याच्या पाळ्या लागतात. पहिलीपासून रोज केलेलं काम पुढे हाताला आपोआप येतं. आणि ही शिस्त फार प्राचीन आहे असंही समजू नका. १९६४ च्या ऑलिंपिकआधी टोकियोत कचरा आणि उघड्यावर लघवी करणं ही नेहमीची गोष्ट होती. शहर स्वच्छ करायला मोठी मोहीम काढावी लागली, झाकणाचे प्लास्टिकचे डबे घरोघरी आले. आजच्या जपानी आजोबांच्या डोळ्यांदेखत घडलेला बदल आहे हा. रक्तपाताचंही तेच : पडद्यावर मुंडकी उडतात, पण जपानमधलं खुनांचं प्रमाण लाखामागे जेमतेम पाव, जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक.

डबिंगमध्ये काय गळतं

आपण हे सगळं बहुधा हिंदीत पाहतो आणि तिथे एक मोठी गोष्ट निसटते. मराठीत समोरच्याला तू, तुम्ही, आपण म्हणून त्याचं स्थान दाखवतो. जपानीत स्वतःला काय म्हणता यावरूनही तुमचं स्थान ठरतं. डोरेमॉनमधला नोबिता स्वतःला 'बोकु' म्हणतो, सौम्य मुलासारखं. त्यातला दांडगट जियान 'ओरे' म्हणतो, छाती काढून. मैत्रीण शिझुका 'वाताशी' म्हणते. शिनचॅनचं 'ओरा' तर गावाकडचं वाटतं आणि टोकियोशेजारच्या उपनगरी घरात ते उच्चारलं की हसू येतं. हिंदीत सगळ्यांचं 'मैं' होतं. कोण कोणापुढे किती वाकतो हे मूळ मालिकेत प्रत्येक वाक्यात ऐकू येतं, आपल्याला ते जियानच्या बुक्कीतूनच कळतं.

तेव्हा मुलांसोबत पाहायला बसलात, तर आवाजाची भाषा बदलून पाच मिनिटं मूळ जपानी ऐकवा. मालिका किंवा मूळ कॉमिक कोणत्या साली सुरू झालं ते पाहा. डोरेमॉन १९६९ च्या डिसेंबरात सुरू झाला, म्हणजे त्यातला जपान बराचसा तेव्हाचा आहे. घरात कोण आहे आणि कोण नाही ते मोजा. नोबिताचे बाबा कधी घरी असतात, आई कुठे नोकरी करते का? आणि तो मोकळा प्लॉट पाहा, जिथे मुलं खेळतात, जियान गातो. तिथे सिमेंटचे तीन पाइप रचून ठेवलेले असतात. त्या काळी टोकियोत गटारांची आणि पाण्याची कामं धडाक्यात चालली होती आणि असे पाइप मोकळ्या जागांत पडलेले असत. शहर बांधून पूर्ण झालं, प्लॉट इमारतींखाली गेले. आजच्या टोकियोतल्या मुलालाही ते पाइप आपल्या मुलांसारखेच फक्त डोरेमॉनमध्ये दिसतात.